एक निकालपत्र, तीन आव्हाने: कौटुंबिक न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाताना

विचारणा थोडक्यात अशी आहे. पुण्यातील एका भगिनींच्या पतीने क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाचा अर्ज केला. भगिनींनी स्वतः नांदण्याची तयारी दाखवून हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली वेगळा अर्ज दाखल केला आणि मार्च 2022 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली स्वतःसाठी व मुलीसाठी पोटगी मागितली. तिन्ही प्रकरणे एकत्र चालली. कौटुंबिक न्यायालयाने 12 जानेवारी रोजी एकाच निकालपत्राने पतीला घटस्फोट दिला, नांदण्याचा अर्ज फेटाळला आणि पत्नीला दरमहा 8,000 व मुलीला 6,000 रुपये पोटगी, तीही निकालाच्या तारखेपासून, मंजूर केली. निकालाला 40 दिवस झाले आहेत. ओळखीतल्या एकांनी "अपिलाची मुदत 30 दिवसांची, ती गेली" असे सांगितले आणि पती दुसऱ्या लग्नाच्या खटपटीत असल्याचे कानावर आले. आता अपील करता येईल का, कोठे, आणि निकाल फिरण्याची आशा कितपत धरावी?

ताई, मुदत गेलेली नाही. मात्र हातात असलेले दिवस तुम्हाला वाटतील तितके नाहीत, आणि तुमच्या हातात एक निकालपत्र असले तरी कायद्याच्या नजरेत ते तीन स्वतंत्र निर्णय आहेत. अपिलाचा विचार करणाऱ्या पक्षकाराने निकाल चूक की बरोबर हे ठरवण्याआधी तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली दिला गेला आहे हे पाहावे, कारण कोणत्या न्यायालयात जायचे, किती दिवसांत जायचे आणि तिथे गेल्यावर काय मागता येईल, हे सारे त्यावरच ठरते.

ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलेले 30 दिवस हवेतून आलेले नाहीत. कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 19 मध्ये उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी 30 दिवसांचीच मुदत लिहिलेली आहे. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम 28 मध्ये 2003 साली दुरुस्ती होऊन त्या कायद्याखालील अपिलाची मुदत 90 दिवस झाली आणि दोन कायद्यांतली कोणती मुदत धरायची यावर बरीच वर्षे वाद चालला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने (तीन किंवा अधिक न्यायमूर्तींच्या पीठाने) 2016 मध्ये हा वाद मिटवला आणि निकाल कौटुंबिक न्यायालयाचा असला तरी हिंदू विवाह कायद्याखालील अपिलाला 90 दिवसांची मुदत लागू होईल असे ठरवले. विशेष विवाह कायद्यातही 2003 च्या दुरुस्तीने 90 दिवसच आले आहेत. मुलांच्या ताब्याचा निर्णय पालक आणि पाल्य कायद्याखालच्या स्वतंत्र अर्जावर झाला असेल तर मात्र 30 दिवसच धरावेत. आपले प्रकरण नेमके कोणत्या बाजूला पडते याची जराही शंका असेल तर नेहमी लहान मुदत धरून चालावे, हा माझ्या कार्यालयाचा नियम आहे. महाराष्ट्राबाहेर, म्हणजे इंदूर किंवा बेळगावसारख्या ठिकाणी प्रकरण चाललेल्या मराठी वाचकांनी तिथल्या उच्च न्यायालयाची भूमिका पाहावी, कारण आमच्या पूर्णपीठाचा निर्णय तिथे बंधनकारक नसतो.

आता दिवस मोजू. तुमच्याकडे निकालाची प्रमाणित प्रत असेल तर तिचे शेवटचे पान उलटे करा. तिथे नकला विभागाचा शिक्का असतो आणि त्यात नक्कल कधी मागितली, कधी तयार झाली आणि कधी दिली या तारखा हाताने भरलेल्या असतात. मुदतीच्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे निकालाचा दिवस मोजायचा नाही आणि नक्कल मिळण्यासाठी लागलेला काळही वगळायचा असतो. समजा, तुमचा नकलेचा अर्ज 16 जानेवारीचा आहे, नक्कल 30 जानेवारीला तयार झाली आणि तुम्ही ती 9 फेब्रुवारीला नेली. वगळले जातील ते 16 ते 30 जानेवारी हे 15 दिवस. नक्कल तयार होऊन कपाटात पडून राहिलेले पुढचे दिवस तुमच्या खात्यावर पडतात. साध्या हिशेबाने 90 वा दिवस 12 एप्रिलला येतो, त्यात 15 दिवस मिळवले की 27 एप्रिल. नकलेचा अर्जच मुदत संपल्यावर केला तर या वगळणुकीचा काहीही उपयोग होत नाही. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची (निकालावरून काढलेल्या औपचारिक आदेशाची, म्हणजे डिक्रीची) एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी असे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 मध्ये आहे. ती मिळाली असली तरी तिच्यावर विसंबून न राहता संपूर्ण निकालपत्राच्या नकलेसाठी रीतसर अर्ज लगेच करावा.

न्यायालय कोणते, हे पुण्याच्या बाबतीत सोपे आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाविरुद्धचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतील मुख्य पीठापुढे जाते आणि ते दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालते. कोल्हापूरचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले असले तरी ते कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांपुरते आहे. जिथे कौटुंबिक न्यायालयच नाही अशा तालुक्याच्या गावी घटस्फोटाचा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतो. त्यांच्या निकालाविरुद्ध पहिले अपील उच्च न्यायालयात होत नाही, ते जिल्हा न्यायालयात होते. त्यानंतर उच्च न्यायालयात जायचे तर दुसरे अपील, आणि तेही कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावरच. पुण्याच्या मावसबहिणीचे अपील मुंबईला गेले म्हणून आपलेही तिथेच जाईल असे समजून थेट मुंबई गाठलेले पक्षकार मी पाहिले आहेत. चुकीच्या न्यायालयात गेलेले दिवस कधी कधी माफ होतात, पण ती माफी मागण्यात आणखी एक अर्ज आणि बरेच महिने खर्ची पडतात.

तुमच्या तीन निर्णयांपैकी पहिला घटस्फोटाचा. त्याविरुद्ध कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 19 आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 28 खाली अपील होईल. दुसरा निर्णय, म्हणजे फेटाळलेला नांदण्याचा अर्ज, बहुतेक लोक विसरतात आणि काही वकीलही विसरतात. घटस्फोटाचा हुकूमनामा रद्द झाला की हा अर्ज आपोआप जिवंत होईल अशी समजूत असते. प्रत्यक्षात एकाच निकालपत्राने दोन वेगळे अर्ज निकाली निघाले असतील आणि तुम्ही एकाच हुकूमनाम्याला आव्हान दिलेत, तर दुसरा हुकूमनामा अंतिम होतो. पत्नी कोणत्याही सबळ कारणाशिवाय वेगळी राहिली, किंवा पतीकडे वेगळे राहायला पुरेसे कारण होते, असे त्यात जे निष्कर्ष असतील ते तुमच्याच अपिलात पूर्वनिर्णय (आधीच अंतिमपणे ठरलेला मुद्दा) म्हणून तुमच्या वाटेत उभे केले जातात. म्हणून अपिले दोन करावीत. तुम्हाला आता मनापासून नांदायला जायचे आहे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर माझ्यापेक्षा तुम्हालाच द्यावे लागेल.

तिसरा निर्णय पोटगीचा. तो कलम 125 खालचा असल्यामुळे त्याविरुद्ध अपील होतच नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 19 च्या चौथ्या पोटकलमाखाली उच्च न्यायालयाकडे पुनरीक्षण अर्ज करावा लागतो आणि तो एकल न्यायमूर्तींपुढे चालतो. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि कलम 125 ची तरतूद तिथे कलम 144 मध्ये आली, तरी तुमचा अर्ज 2022 चा असल्याने तो जुन्या संहितेखालीच चालला असणार. पुनरीक्षणात पुरावा नव्याने तोलला जात नाही. आदेश कायदेशीर आहे का, योग्य आहे का, कामकाज रीतसर झाले का, एवढेच पाहिले जाते. 8,000 ऐवजी 15,000 हवे होते एवढेच म्हणणे घेऊन गेलात तर फारसे हाती लागणार नाही.

पण तुमच्या पोटगीच्या आदेशात एक मुद्दा अगदी उघड्यावर पडलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी पोटगीविषयी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे सांगितले आहे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही स्पष्ट म्हटले आहे. तुमची पोटगी निकालाच्या तारखेपासून सुरू होते. मार्च 2022 ते जानेवारी 2026 हे साधारण 46 महिने धरले, तर दरमहा 14,000 रुपयांप्रमाणे 6,44,000 रुपये होतात. त्यातून मधल्या काळात अंतरिम पोटगी म्हणून जे मिळाले असेल ते वजा होईल. न्यायालयाने अर्जाच्या तारखेपासून पोटगी न देण्याचे कारण निकालपत्रात लिहिले आहे का, ते शोधा. कारण लिहिलेलेच नसेल तर हा पुनरीक्षण अर्ज तुमच्या तिन्ही कामांतला सर्वांत भक्कम ठरेल. प्रतिज्ञापत्र पतीने दिले होते का आणि त्यासोबत बँकेचे उतारे व आयकराची विवरणपत्रे होती का, हेही रोजनाम्यावरून (न्यायालयाच्या तारीखवार नोंदीवरून) कळेल. अपील चालू आहे म्हणून मंजूर झालेली पोटगी घेण्याचे थांबवू नका. ती घेतल्याने जास्त मागण्याचा हक्क जात नाही. पती देत नसेल तर वसुलीचा अर्ज लगेच कौटुंबिक न्यायालयात टाका. थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, हे पुष्कळांना वर्ष उलटल्यावर कळते. आणि घटस्फोट झाला म्हणजे कलम 125 ची पोटगी संपली असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्री त्या कलमापुरती पत्नीच धरली जाते.

आता तुमची मुख्य चिंता, पतीचे दुसरे लग्न. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 15 प्रमाणे अपिलाची मुदत अपील न होता संपली, किंवा अपील होऊन फेटाळले गेले, तरच घटस्फोटित व्यक्तीला पुन्हा लग्न करता येते. म्हणजे आज पतीला लग्न करण्याची मुभा नाही. पण हे संरक्षण मुदतीपुरतेच आहे. मुदत संपून गेल्यावर उशिरा दाखल झालेल्या आणि स्थगिती नसलेल्या अपिलामुळे कलम 15 चा प्रतिबंध लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले आहे. उशीर माफ होऊ शकतो, हे खरे. पण उशीर माफ होईपर्यंत समोरच्या व्यक्तीच्या घरी लग्नाचा मांडव पडून गेलेला असू शकतो, आणि मग अपील जिंकूनही काय जिंकले असा प्रश्न उभा राहतो. म्हणून 27 एप्रिलची वाट पाहू नका. अपील दाखल केल्याने हुकूमनामा आपोआप स्थगित होत नाही. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 5 खाली स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि पतीने लग्न करू नये असा आदेशही त्यातच मागावा. अपील दाखल होऊन क्रमांक मिळाला की त्याच दिवशी पतीला आणि त्यांच्या वकिलांना नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने लेखी कळवा, कारण "मला अपिलाची माहितीच नव्हती" हे वाक्य अशा प्रकरणांत फार लवकर उच्चारले जाते. पतीने कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी आगाऊ सूचना) दाखल केली असेल तर त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणार नाही. कॅव्हेट 90 दिवस टिकते, हे लक्षात असू द्या.

निकाल फिरण्याची आशा किती, याचे उत्तर निकालपत्रापेक्षा तुमच्या पुराव्याच्या कागदांत सापडेल. कौटुंबिक न्यायालयाविरुद्धचे अपील वस्तुस्थिती आणि कायदा या दोन्हींवर होते, म्हणजे उच्च न्यायालय पुरावा पुन्हा पाहू शकते. ही मोठी मुभा आहे. पण खंडपीठ पाहते ते तिथे आधीच नोंदलेला पुरावा. तुम्ही तिथे पुन्हा साक्ष देणार नाही आणि आईवडिलांनाही उभे करणार नाही. नवा पुरावा आणता येतो, पण आदेश 41, नियम 27 मध्ये बसला तरच: खालच्या न्यायालयाने तो चुकीने नाकारला असेल, पुरेसा प्रयत्न करूनही तो तेव्हा मिळाला नसेल, किंवा उच्च न्यायालयालाच निकालासाठी त्याची गरज वाटली असेल. कपाटात असलेली पत्रे वकिलांनी दाखल करायची राहून गेली, एवढे कारण सहसा पुरत नाही.

निकालपत्र वाचण्याची माझी एक पद्धत आहे, ती सांगतो. टेबलावर डावीकडे निकालपत्र आणि उजवीकडे साक्षींच्या नोंदी ठेवायच्या. निकालपत्रात "पत्नीने पतीला घराबाहेर काढले" असे वाक्य आले की ते कोणत्या साक्षीवरून, कोणत्या निशाणीवरून (न्यायालयाने क्रमांक देऊन नोंदलेल्या कागदावरून) आले ते शोधायचे आणि समासात निशाणी क्रमांक लिहायचा. जिथे समास रिकामा राहतो तिथे अपिलाचा मुद्दा असतो. काही वर्षांपूर्वी एका पक्षकार बाई चाळीस पानांचे हस्तलिखित घेऊन आल्या होत्या. त्यात न्यायाधीशांनी आपल्यावर अन्याय कसा केला याचे वर्णन होते आणि त्या सगळ्याचा अपिलाला काहीच उपयोग नव्हता. पण पतीच्या उलटतपासात, दोन प्रश्नांच्या मध्ये दबून गेलेले एक उत्तर होते: ज्या घटनेला निकालपत्राने क्रूरता म्हटले, त्या घटनेनंतर ते दोघे सात महिने एकाच घरात एकत्र राहिले होते आणि गावाच्या जत्रेलाही जोडीने गेले होते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 प्रमाणे अर्जदाराने क्रूरता क्षमा केलेली नाही याची खात्री झाल्याशिवाय न्यायालयाने घटस्फोट द्यायचा नसतो, आणि निकालपत्रात त्या सात महिन्यांचा उल्लेखही नव्हता. आमचे अपील त्या एका उत्तरावर उभे राहिले.

तुमच्या कागदांतही असे काही शोधा. पतीच्या उलटतपासात त्यांना कोणते प्रश्न विचारलेच गेले नाहीत, हेही शोधा, कारण न विचारलेल्या गोष्टी सहसा मान्य केल्यासारख्या धरल्या जातात आणि ती उणीव अपिलात भरून निघत नाही. व्हॉट्सॲपचे संदेश इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राशिवाय स्वीकारले गेले, असा आक्षेप अनेकांना फार जोरदार वाटतो. पण कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम 14 पुराव्याचे काटेकोर नियम बाजूला ठेवून कागद पाहण्याची मुभा देते, म्हणून एवढ्या एका आक्षेपावर अपील बांधू नये. त्या संदेशांचा न्यायालयाने लावलेला अर्थ पूर्ण संभाषण वाचल्यावर टिकतो का, हा प्रश्न अधिक फळ देतो.

अपिलाचे मुद्दे लिहिताना न्यायाधीशांच्या हेतूवर शिंतोडे उडवू नयेत. मुद्दा पंधरा ओळींत मावत नसेल तर तो बहुधा मुद्दा नसतो. अपिलासोबत निकालपत्राची प्रमाणित प्रत, वकालतनामा, स्थगितीचा अर्ज आणि मूळ अर्ज व कैफियत (अर्जाला दिलेले लेखी उत्तर) यांच्या प्रती लागतील. उच्च न्यायालयाचे कार्यालय तपासून आक्षेप काढते: पानांचे क्रमांक, न वाचता येणाऱ्या छायाप्रती, मराठी कागदांचे भाषांतर नसणे. हे आक्षेप दूर होईपर्यंत प्रकरण बोर्डावर येत नाही, म्हणून मराठी साक्षींचे भाषांतर आजच सुरू करा. खर्चाची काळजी असेल तर महाराष्ट्र शासनाने 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने पोटगी आणि घटस्फोट यांसह काही प्रकरणांत स्त्री पक्षकारांना न्यायालय शुल्कातून सूट दिली आहे, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालयात वकील देण्यासाठी परवानगी लागते, तशी अडचण उच्च न्यायालयात नाही.

वेळ किती लागेल? अपील नोटीस बजावल्यापासून 3 महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे हिंदू विवाह कायद्यात लिहिलेले आहे. ते कलम दाखवून युक्तिवाद करायला मला आवडते, पण पक्षकाराला मी ते आश्वासन म्हणून कधी देत नाही. खंडपीठ पहिल्याच तारखांना मध्यस्थी सुचवेल, अशीही तयारी ठेवा. पुष्कळ अपिले तिथे संमतीच्या अटींवर मिटतात, आणि तुमच्या बाबतीत मागील पोटगीची 6 लाखांवरची रक्कम वाटाघाटीत वजन आणेल. अटींवर सही करताना मात्र प्रत्येक ओळ वाचा, कारण संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील नसते.

मुलीच्या ताब्याबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही. ती तुमच्याकडेच असेल आणि भेटीच्या वेळा जाचत नसतील, तर तो विषय अपिलात काढू नका. पुढे परिस्थिती बदलली तर भेटीचे आदेश बदलून मागण्यासाठी कौटुंबिक न्यायालयाकडेच जाता येते.

तुमच्या प्रतीच्या पाठीवरचा शिक्का मी पाहिलेला नाही, म्हणून 27 एप्रिल ही वर काढलेली तारीख केवळ उदाहरणापुरती आहे. नकलेचा अर्ज तुम्ही अजून केलाच नसेल, तर उद्या न्यायालय उघडताच नकला विभागात जा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.